ब्रह्मकमळाचे मूळ गाव

मृगाचे एकदोन पाऊस पडून गेले, की धाराशिवच्या एखाद्या गल्लीत रात्रीच्या जेवणानंतर वर्दळ वाढते. कोणाच्या तरी ओसरीवरच्या कुंडीत कळी टपोरी झालेली असते आणि 'आज फुलणार' ही बातमी पोराबाळांनी घरोघर पोचवलेली असते. आठ-साडेआठच्या सुमारास कळीचे टोक सैल होते. नऊ-दहापर्यंत पाकळ्या उलगडू लागतात आणि मध्यरात्रीच्या आसपास वीतभर रुंद, पांढरेशुभ्र, सुवासिक फूल पूर्ण उमलते. घरातली आजी निरांजन ओवाळते, हळदकुंकू वाहते. कोणी हात जोडून मनातली इच्छा सांगतो. उजाडेपर्यंत फुलाने मान टाकलेली असते. दुसऱ्या दिवशी स्थानिक वृत्तपत्रात कधी कधी छायाचित्रही येते : 'अमुक यांच्या घरी ब्रह्मकमळ फुलले.'

धाराशिव (२०२३ पर्यंतचे उस्मानाबाद) हा जिल्हा पावसाच्या बाबतीत बेभरवशाचा. १९७२ चा दुष्काळ इथल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आहे, २०१५-१६ चा तर आजच्या विद्यार्थ्यांच्या थोरल्या भावंडांनीही पाहिला आहे. अशा वर्षीही टँकरच्या पाण्यातून वाचवलेले तांब्याभर पाणी या कुंडीला मिळते. मग ते फुलले की घरादाराला आनंद होतो, यात नवल नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात मात्र प्रश्न येतात. गुरुजी, हे कमळ पाण्याबाहेर कसे? हिमालयातले फूल आपल्याकडे कसे आले? आणि नुसते पान मातीत खोचले तर त्याचे झाड कसे होते?

तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका दमात देता येतात. हे कमळ नव्हे, ते हिमालयातले नव्हे आणि ते पान हे पानही नव्हे. ही निवडुंगाची, म्हणजे कॅक्टस कुलातील एक जात आहे आणि तिचे मूळ गाव मेक्सिको व मध्य अमेरिकेतील दमट जंगलांत आहे. पण एवढे सांगून थांबलो तर मुलांच्या पदरी नुसती नकारघंटा पडेल. हे नाव या झाडाला कसे चिकटले आणि त्यामागे कोणती झाडे, कोणती माणसे आहेत, ही हकिकत अधिक बोधप्रद आहे. त्यात चुका पुष्कळ आहेत आणि काही चुकांनी शास्त्राचे भलेही केले आहे.

पान नव्हे, खोड

या झाडाचे शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. यातील पहिला शब्द ग्रीक आहे : 'एपि' म्हणजे वर आणि 'फायलॉन' म्हणजे पान. ज्याचे फूल पानावर येते ते एपिफायलम. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ एड्रियन हॉवर्थ याने १८१२ साली ही प्रजाती मांडली. मेख अशी, की जे पान समजून हे नाव दिले गेले ते पान नसून चपटे झालेले खोड आहे. म्हणजे चुकीची सुरुवात थेट शास्त्रीय नावापासूनच आहे.

खोड कशावरून म्हणायचे? त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर खाचा असतात. प्रत्येक खाचेत एक लहानसा उंचवटा असतो. फड्या निवडुंगात काट्यांचा झुपका जिथून निघतो तीच ही जागा. तिथूनच नवी फांदी फुटते आणि तिथूनच कळी येते. पानाच्या कडेला असे डोळे सहसा नसतात, ते खोडाला असतात. फांदी आडवी कापली तर मधोमध कठीण, लाकडासारखी शीर लागते. तेव्हा 'पान लावून' झाड येते असे आपण म्हणतो, ते खरे तर उसाची कांडी किंवा गुलाबाची काडी लावण्यासारखेच आहे.

निवडुंग म्हटले की डोळ्यांपुढे वाळवंट, रणरणते ऊन आणि काटे येतात. पण कॅक्टस कुलातील कितीतरी जाती दमट जंगलात, मोठ्या वृक्षांच्या फांद्यांवर राहतात. खोबणीत साठलेल्या पालापाचोळ्यात त्या मुळे रोवतात, झाडाचा फक्त आधार घेतात, रस शोषत नाहीत. अशा वनस्पतींना 'अपिवनस्पती' म्हणतात. आपल्या आंब्यावरचे बांडगूळ हे परजीवी, तर आंब्यावर वाढणारी आमरी (ऑर्किड) ही अपिवनस्पती. ब्रह्मकमळ आमरीच्या पंगतीत बसणारे आहे.

वृक्षाच्या फांदीवर ऊन गाळून येते, म्हणून ही खोडे पानासारखी रुंद आणि पातळ झाली; जास्तीत जास्त प्रकाश टिपता यावा यासाठी. जनावरांचा उपद्रव तिथे कमी, त्यामुळे काटे जवळजवळ नाहीसे झाले. मात्र पाऊस थांबला की फांदीवरचे पाणी तासाभरात ओघळून जाते. खाली माती नाही, साठा नाही. त्यामुळे पावसाळी जंगलातही या झाडाला दर चार दिवसांनी छोटासा दुष्काळ सोसावा लागतो. पाणी जपून वापरण्याची निवडुंगाची जुनी सवय म्हणूनच त्याने सोडलेली नाही.

हिमालयातले ब्रह्मकमळ

आता खऱ्या ब्रह्मकमळाकडे वळू. ते उत्तराखंडाचे राज्यपुष्प आहे. हिमालयात साधारण साडेतीन ते साडेचार हजार मीटर उंचीवर, बर्फ वितळल्यानंतरच्या मोजक्या महिन्यांत ते फुलते आणि केदारनाथ-बद्रीनाथला देवाला वाहिले जाते. सॉस्युरिया ऑब्व्हॅलाटा हे त्याचे शास्त्रीय नाव आणि कुल सूर्यफुलाचे. कमळाशी याचेही नाते नाही. फिकट पिवळसर, कागदासारखी पातळ छदे (फुलांभोवतीची पानासारखी आवरणे) एकमेकांवर येऊन कमळासारखा आकार होतो. खरी फुले आत दडलेली असतात; लहान, जांभळट, गुच्छात. थंड वाऱ्यापासून त्यांचे रक्षण करणारे ते जणू काचघरच.

दोन झाडांत साम्य इतकेच, की दोन्ही दुर्मीळपणे फुललेली दिसतात, दोन्हींचा रंग फिकट आणि दोन्हींना पाहून हात जोडावेसे वाटतात. पावसाळ्याच्या एका रात्री फुलून जाणाऱ्या फुलाला लोकांनी ऐकून माहीत असलेले एक पवित्र नाव दिले.

योगायोग असा, की या दोन्ही झाडांचे शास्त्रीय वर्णन प्रथम एकाच माणसाने केले. जिनिव्हाचा वनस्पतिशास्त्रज्ञ ऑग्युस्तँ पिराम द कांदोल याने १८२८ मध्ये मेक्सिकोतल्या या निवडुंगाचे वर्णन छापले आणि १८३८ मध्ये हिमालयातल्या ब्रह्मकमळाचे. दोन्हींना त्याने तेव्हा दिलेली प्रजातिनामे पुढे बदलली, जातिनामे तेवढी टिकली. एकाच्या टेबलावरून गेलेली ही दोन झाडे पुढे महाराष्ट्रात एका नावाखाली एकत्र येतील, हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल.

'सॉस्युरिया' हे प्रजातिनामही द कांदोलनेच १८१० मध्ये दिले. आपल्याच गावचे सॉस्यूर पितापुत्र यांच्या गौरवार्थ. वडील होरास-बेनेदिक्त हे आल्प्सचे संशोधक. मुलगा निकोला-तेओदोर हा रसायनज्ञ. प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यात ज्यांची नावे यायला हवीत त्यांत हा मुलगा अग्रभागी आहे. वनस्पतीचे वजन वाढते त्यात कार्बन डायऑक्साइडबरोबर पाण्याचाही वाटा असतो, हे त्याने १८०४ च्या आपल्या ग्रंथात मोजमापांनी दाखवून दिले.

रात्रीचा व्यवहार

याच ग्रंथात आपल्या विषयाला थेट भिडणारी एक नोंद आहे. सॉस्यूरने फड्या निवडुंगाचे फड बंद भांड्यात ठेवून हवेची तपासणी केली. इतर झाडांची हिरवी पाने अंधारात कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. निवडुंग मात्र अंधारात वायू शोषून घेताना आढळला. या विपरीत वागण्याचा उलगडा त्या काळी होणे शक्य नव्हते. त्याने जे दिसले ते लिहून ठेवले.

याचा पुढचा धागा आपल्या देशात सापडतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१३ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीला एक पत्र लिहिले. पानफुटीची पाने त्याने दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चावून पाहिली होती. सकाळी ती चांगलीच आंबट लागत, दुपारपर्यंत चव नाहीशी होई आणि संध्याकाळी किंचित कडवट लागे. प्रयोगशाळा नाही, उपकरण नाही. जीभ आणि घड्याळ एवढ्यावर केलेले हे निरीक्षण १८१५ मध्ये छापून आले आणि ते आजही उद्‌धृत केले जाते.

दोन्ही निरीक्षणांचा मेळ विसाव्या शतकात बसला. ही झाडे दिवसा रंध्रे मिटून घेतात, कारण उन्हात ती उघडी ठेवली तर पाणी उडून जाते. रात्री हवा गार असताना ती रंध्रे उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींच्या रिक्तिकांमध्ये साठवतात. म्हणून सकाळी पान आंबट. दिवसा, बंद दाराआड, त्याच आम्लातून कार्बन डायऑक्साइड मोकळा करून सूर्यप्रकाशात अन्न तयार होते. म्हणून दुपारी आंबटपणा गायब. क्रॅसुलेसी कुलावरून (पानफुटी याच कुलातली) या पद्धतीला 'क्रॅसुलेशियन आम्ल-चयापचय' असे लांबलचक नाव आहे. उन्हाळ्यात बाजारहाट रात्री आणि स्वयंपाक दिवसा, असा हा संसार. वाळवंटातल्या निवडुंगाला तो उपयोगी आहेच, वृक्षाच्या फांदीवर राहणाऱ्या ब्रह्मकमळालाही तितकाच उपयोगी आहे.

एका चुकीच्या किड्याची गोष्ट

सॉस्यूरने वापरला तो फड्या निवडुंग आपल्या गावकुसाला, पडक्या गढ्यांवर, बांधांवर इतका रुळलेला आहे, की तो परका आहे हे सांगूनही पटत नाही. पण कॅक्टस कुलाच्या दीड हजारांच्या आसपास जाती आहेत आणि त्या सगळ्यांचे माहेर अमेरिका खंड. अपवाद एकाच जातीचा : रिप्सॅलिस बॅक्सिफेरा. अमेरिकेखेरीज आफ्रिका, मादागास्कर आणि श्रीलंकेतही ती निसर्गतः आढळते, आणि गंमत म्हणजे तीही झाडांवर वाढणारी अपिवनस्पतीच आहे. तिची चिकट बी पक्ष्यांबरोबर समुद्रापार गेली असावी, असा एक तर्क आहे.

मग मराठीत 'निवडुंग' हा शब्द आला कोठून? आपल्याकडे त्रिधारी निवडुंग, काटेरी निवडुंग, शेर ही झाडे आधीपासूनच होती. ती युफोर्बिया प्रजातीतली, एरंडाच्या कुलातली. संस्कृतातली 'स्नुही' ती हीच. फांदी मोडली की पांढरा चीक येतो. कोरड्या हवेत राहायचे म्हणून त्यांनीही जाड, हिरवे खोड आणि काटे स्वीकारले. वंश वेगळे, पण परिस्थिती सारखी असली की रूपेही सारखी होतात. याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. युरोपीय जहाजांबरोबर अमेरिकेतील झाड आले तेव्हा लोकांनी त्याला जुन्याच घराण्यात घातले, आणि त्याच्या फणीसारख्या चपट्या फडांवरून 'फड्या' हे विशेषण जोडले. युरोपातही असेच झाले. 'कॅक्टोस' हे मुळात भूमध्य समुद्राकाठच्या एका काटेरी झाडाचे ग्रीक नाव. लिनियसने ते १७५३ मध्ये अमेरिकेतल्या झाडांना दिले.

फड्या निवडुंगाच्या प्रसारामागे एक मोठा व्यापार होता. मेक्सिकोत या झाडावर कोचिनील नावाचा कीटक पाळत. त्याच्या वाळवलेल्या माद्यांपासून उत्तम किरमिजी रंग मिळे. एका पौंडाला सुमारे ७०,००० कीटक लागत. स्पेनच्या अमेरिकन वसाहतींतून निघणाऱ्या मालात चांदीखालोखाल याचे मोल होते, म्हणून जिवंत कीटक बाहेर जाऊ नये यावर कडक पहारा असे. १७७७ मध्ये तिएरी द मेनोंव्हिल या फ्रेंच माणसाने ओआहाका प्रांतातून तो चोरून नेला.

ईस्ट इंडिया कंपनीलाही हा धंदा भारतात हवा होता. मद्रासचा डॉक्टर जेम्स अँडरसन याने १७८६ पासून त्यासाठी पत्रांचा धडाका लावला. मद्रासजवळ सैदापेट येथे निवडुंगाची खास बाग उभी राहिली. कीटक मात्र मिळेना. अखेर १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन याने ब्राझीलमधील रिओ दि जानेरोहून कीटक लागलेले निवडुंग कलकत्त्याला आणले. सगळ्यांना वाटले, आता सोन्याची खाण हाती आली.

तो कीटक वेगळ्याच जातीचा निघाला. पाळीव कोचिनीलचा हा रानटी भाऊबंद, डॅक्टिलोपियस सिलोनिकस. रंग हलका निघाला, पण कीटकाची भूक दांडगी. निवडुंगाची एक जात त्याने उत्तर भारतात झपाट्याने खाऊन टाकली. रंगाचा व्यापार बुडाला; पण पुढे कोणाच्या तरी ध्यानात आले, की माजलेला निवडुंग आटोक्यात आणायला हाच कीटक कामाचा आहे. १८३६ ते १८३८ च्या दरम्यान तो मुद्दाम दक्षिण भारतात सोडण्यात आला. तणाचा नाश करण्यासाठी कीटक हेतुपुरस्सर वापरल्याचे जगातील हे पहिल्या उदाहरणांपैकी एक मानले जाते.

निवडुंगाच्या इतर जातींना मात्र तो तोंड लावीना. त्या दख्खनभर पसरत राहिल्या. दुष्काळात काटे भाजून त्यांचे फड गुरांना चारले गेले, एरवी मात्र गायराने त्यांनी अडवली. १९२६ मध्ये श्रीलंकेमार्गे दुसरी जात, डॅक्टिलोपियस ओपन्शी, भारतात आणली गेली आणि थोड्याच वर्षांत दक्षिण भारतातले हजारो हेक्टर क्षेत्र मोकळे झाले. आजही एखाद्या फडावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात. एक पुंजका चिरडला की बोट लाल होते. दोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास असा गावाबाहेरच्या बांधावर बसलेला आहे.

वसंतात फुलणारा भाऊबंद

ब्रह्मकमळाचा एक लहानखुरा नातेवाईक युरोप-अमेरिकेत घरोघरी कुंडीत असतो. त्याची चपटी, पेरेदार खोडे साखळीसारखी खाली लोंबतात आणि टोकांना लालबुंद, तारकेसारखी फुले येतात. तोही झाडांवर राहणारा निवडुंग, दक्षिण ब्राझीलच्या डोंगराळ जंगलांतला. १८८४ मध्ये त्याचे वर्णन झाले. युरोपात तो मार्च-एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सणाच्या सुमारास फुलतो म्हणून 'ईस्टर कॅक्टस'. वसंतात फुलणारे झाड अशी त्याची ख्याती आहे. पण त्याच्या मायदेशी तो सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलतो!

वर्गात हे कोडे जरूर घालावे. उत्तर नकाशात आहे. ब्राझीलचा हा भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबर हाच वसंत. झाडाला महिन्याचे नाव कळत नाही. थंड दिवस आणि लांब रात्री काही आठवडे मिळाल्या, मग दिवस वाढू लागले आणि ऊब आली, की ते कळ्या धरते. गोलार्ध बदलला तेव्हा झाडाने ऋतू सोडला नाही, पंचांगातला महिना तेवढा बदलला. आपल्या मराठवाड्यात एप्रिलचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हे थंडाव्याचे झाड इथे कष्टानेच टिकते. ब्रह्मकमळाने मात्र आपल्या पावसाळ्याशी जुळवून घेतले.

या ईस्टर कॅक्टसचे प्रजातिनाम बरीच वर्षे 'हॅटिओरा' होते. टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या स्मरणार्थ आपल्या द कांदोलनेच १८३४ मध्ये 'हॅरिओटा' हे नाव योजले होते. १६०९ मध्ये गॅलिलिओच्या काही महिने आधी दुर्बिणीतून चंद्राचे चित्र काढणारा तो हाच हॅरियट. पण ते नाव आधीच कोणी वापरलेले निघाले. वनस्पतिशास्त्रात एक नाव दोनदा चालत नाही. तेव्हा १९१५ मध्ये ब्रिटन आणि रोझ या अमेरिकन शास्त्रज्ञांनी त्याच अक्षरांची उलटापालट करून 'हॅटिओरा' केले. पुढे ईस्टर कॅक्टसला त्या घराण्यातूनही बाहेर काढले गेले. आता त्याला रिप्सॅलिडॉप्सिस म्हणतात. शास्त्रीय नावेही दगडावरची रेघ नसतात. नवा पुरावा आला की ती बदलतात, मात्र का बदलली याची नोंद राहते.

नावाचा मोह

परक्या झाडाला आपले पवित्र नाव देण्याची हौस केवळ आपल्यालाच नाही. केरळात आपल्या ब्रह्मकमळाला 'निशागंधी' म्हणतात, ते नाव निदान त्याच्या गुणाला धरून आहे. चीनमध्ये मात्र त्याला 'तान्‌हुआ' म्हणतात. हा शब्द बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये गेलेल्या 'उदुंबर' या संस्कृत शब्दापासून आला आहे. फार दिवसांनी एकदाच फुलणारे दिव्य उदुंबराचे फूल, अशी तिकडे कल्पना. म्हणजे आपल्याकडे दत्ताच्या देवळापुढे असतो त्या औदुंबराचे नाव चीनमध्ये मेक्सिकोच्या निवडुंगाला मिळाले आणि आपल्याकडे त्याच निवडुंगाला हिमालयातल्या फुलाचे.

यात रागावण्यासारखे काही नाही. ब्रह्मकमळ हे नाव आता मराठीत रुजले आहे. कोणी ओवाळणी करीत असेल तर तिथे जाऊन लॅटिन नाव सांगण्याचे कारण नाही. पण नावावरून झाडाचा स्वभाव ठरवू लागलो तर नुकसान होते. 'निवडुंगच तो' म्हणून कुंडी भर उन्हात ठेवली की खोडे पिवळी पडून करपतात. 'कमळ' म्हणून रोज पाणी घातले की मुळे कुजतात. त्याला हवे असते गाळलेले ऊन, पालापाचोळ्याची भुसभुशीत माती आणि दोन पाण्यांमध्ये थोडी उसंत. म्हणजे मूळ गावची झाडाची फांदी.

कुंडीपुरती चूक फार महाग पडत नाही. शेतात ती पडते. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागांत, मराठवाड्यातही, शेतकऱ्यांनी ड्रॅगन फ्रूटच्या बागा लावल्या आहेत. ड्रॅगन फ्रूट हाही अमेरिकेतल्या जंगलात झाडांवर चढणारा निवडुंग, ब्रह्मकमळाचा जवळचा नातलग. त्याचेही फूल रात्री उमलते, पांढरे, सुवासिक, तसेच. गुजरात सरकारने २०२१ मध्ये त्याला 'कमलम' हे नाव दिले, म्हणजे कमळाने इथेही पाठ सोडलेली नाही. कमी पाण्यावर येणारे पीक म्हणून त्याची कीर्ती आहे आणि रात्री रंध्रे उघडण्याच्या सवयीमुळे ती रास्तही आहे. पण कमी पाणी सोसणारे झाड कडक ऊनही सोसेलच असे नाही. एप्रिल-मेच्या उन्हात त्याची खोडे भाजून पिवळी पडतात, म्हणून सावलीच्या जाळीची किंवा आडोशाच्या झाडांची सोय करावी लागते. बागेतला सिमेंटचा खांब हा त्या वेलाच्या मूळच्या जंगलातला वृक्ष आहे. फरक एवढाच, की या वृक्षाला पाने नाहीत, सावली नाही. ज्याला हे समजले त्याला जाळी का लागते हे वेगळे सांगावे लागत नाही. कर्ज काढून बाग लावणाऱ्या घरातली मुले आपल्याच वर्गात बसलेली असतात, हे ध्यानात ठेवावे.

वर्गात करून पाहण्यासारखे

पानफुटीचे एक पान सूर्योदयाच्या सुमारास आणि एक पान दुपारी चारनंतर तोडावे. सारख्या वजनाचे तुकडे सारख्याच पाण्यात ठेचून निळा लिटमस कागद किंवा जास्वंदीच्या फुलाचा अर्क वापरून आम्लता पाहावी. हेनसारखे चावून मात्र पाहू नये. पानफुटीत विषारी द्रव्ये असतात. फिनॉल्फ्थॅलिन आणि सौम्य सोडियम हायड्रॉक्साइड असल्यास किती थेंब लागतात हे मोजून दोन्ही वेळांची तुलना करावी. ब्रह्मकमळाच्या तुकड्यावरही हाच प्रयोग करता येईल.

फड्या निवडुंग आणि त्रिधारी निवडुंग शेजारी शेजारी ठेवून काट्यांची मांडणी पाहावी. एकात काटे उंचवट्यावर झुपक्याने येतात, दुसऱ्यात खोडाच्या धारेवर जोडीजोडीने. त्रिधारीचा चीक डोळ्यांत गेल्यास इजा होते, म्हणून तो शिक्षकांनीच हाताळावा.

तिसरा उपक्रम इतिहासाचा आहे आणि त्याला काहीच साहित्य लागत नाही. आपल्याकडच्या ब्रह्मकमळाला सहसा फळ धरत नाही. त्याचे कारण बहुधा असे, की हे फूल आपल्याच झाडाचे परागकण स्वीकारत नाही, आणि शेजारच्या घरातले झाडही मुळात त्याच झाडाची फांदी असते. बी नाही, म्हणून प्रसार होतो तो फक्त माणसांच्या हातून. प्रत्येक विद्यार्थ्याने घरी किंवा शेजारी विचारावे : हे झाड तुमच्याकडे कोणाकडून आले? कोणत्या वर्षी? त्यांच्याकडे कोणाकडून? कोणी सांगेल, तुळजापूरच्या मावशीने पिशवीतून आणले. कोणी सांगेल, सोलापूरला बदलीवर असताना शेजाऱ्यांनी दिले. ही उत्तरे फळ्यावर लिहून रेघांनी जोडली, की वंशावळीसारखा तक्ता तयार होईल. सोबत प्रत्येक झाडाची फुलण्याची तारीख, उमलण्याची वेळ आणि त्याआधीचा पाऊस नोंदवावा. पाचसात वर्षे हे चालू ठेवले तर शाळेकडे कोठेही छापलेली नाही अशी माहिती जमा होईल.

आणि पुढच्या पावसाळ्यात गल्लीत कोणाकडे फूल उमलले, की मुलांना घेऊन जरूर जावे. उमललेल्या फुलाचा लांब देठ पाहावा; तो देठ नसून नळी आहे. तिच्या तळाशी मध असतो आणि मूळ गावी लांब सोंडेचे निशाचर पतंग तो प्यायला येतात. आपल्याकडे त्यांच्याऐवजी शेजारपाजारची माणसे येतात. आजींचे ओवाळून झाले, की एक फांदी मागून घ्यावी आणि शाळेच्या व्हरांड्यात, सावलीत लावावी. तक्त्यावर आणखी एक रेघ वाढेल.